गव्हाच्या कुसळांचा महिना

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चंदीगडला एक वारा सुटतो. पश्चिमेकडून येतो, कोरडा असतो आणि त्यात गहू असतो. दाणे नव्हेत, दाण्यांवरून उडालेलं बाकीचं सगळं. तूस, धूळ, भुशाचा चुरा. या चौकोनी शहरात कुठे शेत नाही, पण शहर संपतं तिथून गहूच गहू, आणि कापणीची यंत्रं त्यात शिरली की सकाळी गाडीच्या काचेवर पिवळट थर दिसतो. वाळत घातलेला सदरा अंगात घालावा तर मानेला काहीतरी टोचतं. शेजारीपाजारी वैशाखीची तयारी चाललेली असते. मला मात्र या दिवसांत एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, खिडकी लावतो, पुन्हा उघडतो. सुनंदा, माझी बायको, म्हणते, "अहो, बसा तरी. वाऱ्याला काय तुमची परवानगी लागते?"

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, आता कुत्र्यामांजरांचा लहानसा दवाखाना चालवतो. माझ्याबरोबर सिमरन नावाची तरुण डॉक्टर असते, हुशार आहे आणि तोंडाची फटकळ. एप्रिल लागला की ती मुद्दाम सगळ्यांसमोर विचारते, "सर, फॉर्मलिनच्या बाटल्या जास्त मागवू ना?" कारण तिला माहीत आहे, या महिन्यात कुठल्याही कुत्र्याच्या हिरडीवर जराशी सूज दिसली की मी तिचा तुकडा तपासायला पाठवतो. मालक कुरकुरतात. "डॉक्टर साब, साधी पुळी आहे हो." असू दे, म्हणतो मी. सिमरन पलीकडे हळूच सांगते, "सरांना एप्रिलमध्ये प्रत्येक हिरडीचा संशय येतो." मला ऐकू येतं. मी हसतो. कारण सांगत नाही.

कारण कुसळात आहे. गव्हाच्या ओंबीवर जे लांब केस असतात, त्यांना सूक्ष्म काटे असतात आणि ते सगळे एकाच दिशेने वळलेले. कुसळ आत शिरतं, पण मागे येत नाही. कुत्री भुशात लोळतात, पेंढ्या चावतात, आणि मग कुसळ कानात, पंजाच्या बेचक्यात, जिभेखाली, दातांच्या मुळाशी जाऊन बसतं. हिरडी सुजते, रक्त येतं, कुत्रं पुढच्या पंजानं तोंड घासत राहतं. पंजाबातल्या कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरला विचारा, एप्रिल-मेमध्ये कुत्र्याची हिरडी सुजली की तो आधी हातात चिमटा घेतो. मी परभणीकडचा. आमच्याकडे ज्वारी. सुगीत टोचायची ती करडई. तिच्या काट्यांपासून वाचायला बाया-माणसं पायांना पोती बांधून शेतात उतरायची. गव्हाचं कुसळ ही गोष्ट मी इथे येऊन शिकलो, आणि शिकलो याचा मला फार अभिमान होता.

इथे आलो तो सुनंदामुळे. ती अमरावतीची, माणसांची डॉक्टर; रोग्याच्या अंगातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखायचं तिचं काम. लग्न ठरलं तेव्हाच तिला इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली होती. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. परभणीहून निघताना वडील म्हणाले होते, "सगळा मुलूख सोडून तिकडंच कशाला रे?" पंजाब म्हटलं की तेव्हा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज एक आकडा असायचा. शहरात त्या मानानं शांतता होती. रुंद रस्ते, झाडं, चौकाचौकात फुलं. पण शांतता अशी, की स्कूटरचा सायलेन्सर फुटला तरी सगळा बाजार मान वर करून बघायचा.

आणि एक शब्द होता. हालात. "हालात ठीक नहीं." दूधवाला आला नाही, हालात. लग्नाला पाहुणे कमी आले, हालात. दफ्तरातली फाईल तीन महिने हलली नाही, तरी बाबू मान हलवून म्हणायचा, "जी, हालात तो आप देख ही रहे हैं." यातलं बरंचसं खरं होतं. माणसं खरोखर मरत होती. बसमधून उतरवून मारली जात होती, घरातून उचलून नेली जात होती. पण त्या खऱ्याच्या सावलीत आम्ही सगळे आपापलं लहानसहान खोटं आणून ठेवायला लागलो होतो. त्या शब्दापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. मला तर तो शब्द परभणीच्या पत्रांतही उपयोगी पडायचा: आई, दिवाळीला येणं जमत नाही, हालात.

मास्टर करतारसिंग सरकारी दवाखान्यात माझ्याकडे पहिल्यांदा आले ते अशाच वाऱ्याच्या दिवसांत. मोहालीपलीकडच्या खरडच्या पुढे त्यांचं शेत, शेतातच घर. खरड तेव्हा गावच होतं म्हणा. प्राथमिक शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, फिकट निळी पगडी, आणि काखेत खेसात, जाड सुती चादरीत, गुंडाळलेलं मोठं गाठोडं. गाठोड्यातून एक रुंद, पांढरं, तपकिरी ठिपक्यांचं डोकं बाहेर आलं. डब्बू. अर्धा गावठी, अर्धा बुली जातीचा, आठ वर्षांचा.

"बसमध्ये कसं येऊ दिलं?" मी विचारलं.

"कंडक्टर माझा विद्यार्थी निघाला," मास्टरजी म्हणाले. "पाढे कच्चे होते त्याचे. मी म्हटलं, तिकीट दोघांचं दे, नाहीतर सतराचा पाढा म्हण."

मी परभणीचा आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचा एकुलता मुलगा नांदेडला होता. तरुण शीख मुलाला त्या दिवसांत गावात ठेवणं म्हणजे दोन्ही बाजूंनी धोका. एकीकडून बंदूकवाले बोलवायचे, दुसरीकडून पोलीस. म्हणून मास्टरजींनी त्याला गुरुद्वाऱ्याच्या आधारानं नांदेडला, एका नातलगाच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात पाठवलं होतं. "तो तिकडे तुमच्या मुलखात सुखानं झोपतो," ते म्हणाले. "आणि तुम्ही इकडे आमच्या. रब्बनं अदलाबदल केली." मग मला खूश करायला मुलानं शिकवलेलं मराठी म्हणून दाखवलं: "काय म्हणता? बरं हाय का?"

डब्बूच्या तोंडात हात घालायला मला भीती वाटली नाही. काही कुत्री तोंड उघडू देतात तेव्हाही डोळ्यांनी हिशेब करत असतात. डब्बूनं जबडा सैल सोडला आणि मास्टरजींकडे बघत राहिला. खालच्या जबड्याला डावीकडे, सुळ्याच्या मागे, हिरडीवर बोराएवढी गुलाबी सूज होती. पृष्ठभाग फुलकोबीसारखा खडबडीत. टॉर्च धरून बघितलं तर एका भेगेत पिवळं टोक दिसलं. चिमट्यानं ओढलं. दीड इंचाचं अख्खं कुसळ बाहेर आलं.

"निघालं बघा!" मी ते उजेडात धरून दाखवलं. मास्टरजींनी टाळी वाजवली, खरोखर. मी औषधं दिली, तोंड धुवायला लाल पाणी दिलं, आणि आठ दिवसांत सूज उतरेल असं सांगितलं.

त्या क्षणाकडे मी फार वेळा परत गेलो आहे. कुसळ खरंच होतं, ते मी कल्पनेनं काढलं नव्हतं. पण ते गाठीच्या भेगेत नंतर येऊन अडकलं होतं, जसं ते कुठल्याही भेगेत अडकतं. मला हवं ते सापडलं, आणि सापडल्याबरोबर मी बघायचं थांबवलं. बोटानं ती सूज दाबून पाहिली असती तरी कळलं असतं, गळूसारखी ती मऊ नव्हती. दात हलत होता का, तेही मी बघितलं नाही.

मे उजाडला तेव्हा ते परत आले. सूज आता बोराहून मोठी झाली होती, लाळेत रक्त होतं, तोंडाला वास. मी म्हटलं, आणखी एखादं कुसळ आत राहिलं असणार. चिमट्यानं शोधलं, सापडलं नाही, औषध बदललं. त्या दिवशी जेवताना सुनंदाला हे सांगितलं तर तिनं पोळी मोडता मोडता विचारलं, "मग तुकडा का नाही घेतलात?"

"कुसळ आहे गं. इथे या दिवसांत असतंच."

"असतंच म्हणून बघायचं नाही?"

मला राग आला. तिचं बोलणं बरोबर होतं. मी विषय बदलला, आणि आणखी दोन आठवडे गेले.

तिसऱ्या वेळी मी तुकडा घेतला. तेव्हा आमच्या दवाखान्यात अशा तपासणीची काही सोय नव्हती. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत फॉर्मलिन, त्यात तो तुकडा, आणि ती बाटली सुनंदाच्या पर्समध्ये, डब्यापासून लांब. तिच्या प्रयोगशाळेतला एक तंत्रज्ञ दिवसाचं काम संपल्यावर तिच्याकरता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काच तयार करून द्यायचा. चिठ्ठीवर नाव लागायचं म्हणून तिनं लिहिलं, "डब्बू सिंग, पुरुष, वय आठ." काच देताना तो बिचारा गंभीर झाला होता. "मॅडम, इतक्या लहान मुलाला?" कुत्रा आहे म्हटल्यावर तो इतका हसला, की पुढे कित्येक दिवस विचारायचा, "डब्बू सिंगजी कैसे हैं?"

सुनंदानं घरी येऊन चप्पल काढायच्या आधी सांगितलं. "कॅन्सर आहे. वरच्या कातडीच्या पेशींचा. माणूस असता तर विचारलं असतं, तंबाखू किती वर्षं खाता?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "पण बहुतेक अजून जागच्या जागी असेल. कापून काढता येईल ना?"

येणार होतं. त्यातच तर सगळं आहे. हा प्रकार हाडात शिरतो, पण कुत्र्यांत दूरवर पसरायला वेळ घेतो. जबड्याचा तेवढा भाग, गाठीच्या भोवती निरोगी हाडाची पट्टी धरून, कापून काढला तर कुत्रं वाचतं. विद्यापीठाच्या वाचनालयात परदेशी नियतकालिकांतून मी चित्रं पाहिली होती. अर्धा जबडा गेलेली कुत्री, एका बाजूनं जीभ बाहेर लोंबणारी, पण ताटलीतून खाणारी, चेंडूमागे धावणारी. मी ते कधी केलं नव्हतं. आमच्याकडे कुणीच केलं नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, "कर बाबा, तुझ्या जबाबदारीवर." मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर बलदेव म्हणाला, "जबडा काढणार? मग सर, माझ्या सासूचाही बघा." एक्स-रे काढला, हाडाची कड थोडीशी खाल्ली गेली होती. थोडीशीच. मी मास्टरजींना कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, "भाकरी खाता येईल?"

"येईल. भिजवून द्यावी लागेल सुरुवातीला."

"मग करा. सुंदर तर तो आधीही नव्हता."

अडचण फक्त आणण्याची होती. तोंडातून रक्त गळणाऱ्या कुत्र्याला आता कुठला कंडक्टर बसमध्ये घेईना, पाढे येत असोत की नसोत. मेच्या उन्हात पासष्ट वर्षांच्या माणसानं सायकलवर एवढं ओझं आणायचं म्हणजे कठीण. मी म्हटलं, "तुम्ही काही करू नका. गुरुवारी सकाळी मी स्कूटर घेऊन येतो. डब्बू पुढे माझ्या पायाशी बसेल, तुम्ही मागे." कुणी माझ्याकडे हे मागितलं नव्हतं. मीच बोललो. "तुम्ही याल? खरडला?" असं मास्टरजींनी विचारलं, जसं काही खरड समुद्रापलीकडे आहे.

त्या सोमवारी एका बसवर हल्ला झाल्याची बातमी आली. आमच्या रस्त्यावर नाही, बऱ्याच दूर. गुरुवारी सकाळी मी निघालो. सुनंदा दारात म्हणाली, "रस्ता बंद असेल तर लगेच परत या हं." मी मोहाली ओलांडली. पुढे वाळूच्या पोत्यांचा नाका. एका जवानानं स्कूटरची डिकी उघडायला लावली, आत भूल द्यायची औषधं आणि दोरी बघून भुवया चढवल्या. जनावरांचा डॉक्टर आहे, खरडहून कुत्रा आणायचाय, म्हटल्यावर तो मोठ्यानं हसला आणि साथीदाराला ओरडून म्हणाला, "सुन, कुत्ते के लिए जा रहा है!" मग मला हातानं वाट दाखवली. "जाओ, जाओ. रास्ता साफ है."

रस्ता साफ होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची खुटं, मधे डांबराची सरळ पट्टी. तिच्यावर एकही माणूस नाही, वाहन नाही, गुरं नाहीत. मी अर्धा किलोमीटर गेलो असेन. भीती वाटावी असं समोर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याची मला भीती वाटली. नुकतं लग्न झालंय, असं मनात आलं. परभणीला तार गेली तर आई कशी वाचेल, असं आलं. मी स्कूटर वळवली. नाक्यावरचा तोच जवान म्हणाला, "क्या हुआ डॉक्टर साब, कुत्ता भूल गए?"

"औषध विसरलो," मी म्हणालो. ते पहिलं खोटं.

भ्यालो, हे मी स्वतःला केव्हाच माफ केलं आहे. त्या वर्षांत माझ्याहून धीट माणसं भ्याली. माफ होत नाही ते पुढचं. मी सरळ घरी गेलो नाही. इतक्या लवकर परतलो असतो तर मी फारशी धडपड केली नाही हे दिसलं असतं. म्हणून दोन-अडीच तास मी शहरात स्कूटर फिरवत राहिलो. इथले चौक सगळे सारखे. एका चौकाला वळसा घालायचा, पुढचा गाठायचा, त्याला वळसा घालायचा. पेट्रोल संपत आलं तेव्हा घरी गेलो आणि सुनंदाला सांगितलं, "नाक्यावरून परत पाठवलं. किती विनवण्या केल्या, सोडेनात." तिनं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. संध्याकाळी मी मास्टरजींना हिंदीतून पोस्टकार्ड टाकलं. हालात ठीक नसल्यामुळे नाक्यावरून परतावं लागलं, पुढच्या गुरुवारी येतो.

पुढच्या गुरुवारी बंद पुकारला गेला, खरोखरचा. किती हायसं वाटलं मला! त्याच्या पुढच्या आठवड्यात दवाखान्यात कामाला माणसं कमी होती. मग ऊन फार होतं. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं, आणि प्रत्येक वेळी ती गाठ हाडात आणखी आत जात होती, हे मला आमच्या दवाखान्यात सर्वांत जास्त कळत होतं. मी दुसऱ्या कुत्र्यांचे कान साफ करायचो आणि मनात मोजायचो, आता सुळ्याच्या मुळापर्यंत, आता हनुवटीपर्यंत.

जूनच्या अखेरीला एका सकाळी बलदेव आत आला. "सर, तुमचे मास्टरजी. सायकलवर." कॅरियरला वैरणीची मोठी टोपली बांधलेली, तिच्यात ओल्या खेसाखाली डब्बू. पहाटे निघून, बहुतेक वाट सायकल हातात धरून, ते चालत आले होते. नाक्यावर त्यांना पाऊण तास थांबवलं होतं. दाढी-पगडीच्या माणसाची टोपली; सगळी उपसली, डब्बूला उचलून डांबरावर ठेवायला लावलं, खेस झटकला, पगडीतही हात घालून पाहिला. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. जणू रस्त्यात खड्डा होता, इतकंच.

डब्बूचा जबडा मोडला होता. हाड आतून पोखरलं की शेवटी ते भाकरीच्या तुकड्यानंही मोडतं. गाठ जिभेखाली पसरून पलीकडच्या बाजूला पोचली होती, गळ्यात सुपारीसारखी कडक गाठ. मी बोटांनी सगळं चाचपलं, या वेळी नीट, जे एप्रिलमध्ये करायला हवं होतं. डब्बूनं तेव्हाही मला हात घालू दिला.

"आता कापून?" मास्टरजींनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी शिरेत औषध दिलं. फार वेळ लागला नाही. हात धुवायला मी नळाकडे गेलो आणि तिथेच उभा राहिलो, पाणी वाहत होतं. मास्टरजी मागे येऊन उभे राहिले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, पुत्तर. माझी सख्खी बहीण राजपुऱ्याला असते, दीड वर्षात आली नाही. म्हणते, हालात. तुम्ही कोण कुठले, एका कुत्र्यासाठी निघालात. त्यांनी परत पाठवलं, त्याला तुम्ही काय करणार? निघालात हे पुष्कळ झालं."

तेव्हा बोलता आलं असतं. मी नळ बंद केला.

दहा-बारा दिवसांनी दवाखान्यात त्यांचं पत्र आलं, गुरुमुखीत. मला वाचता येईना म्हणून बलदेवनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तुमचं पोस्टकार्ड मी गावात सर्वांना दाखवलं आहे, आमच्यासाठी दूर महाराष्ट्रातला एक माणूस जीव धोक्यात घालून निघाला होता, असं आम्ही सांगतो, असं काहीसं होतं त्यात. बलदेवनं पत्र घडी करून माझ्या खिशात घातलं. "सर, तुम्ही तर हिरो निघालात यार! आम्हाला सांगितलंही नाहीत." कुणीतरी चहा मागवला. मी माझा कप बलदेवपुढे सरकवला.

घरीही तेच. इथल्या मराठी मंडळात दर गणपतीला नव्यानं बदली होऊन आलेली लष्करातली कुटुंबं येतात. त्यातल्या कुणी विचारायचं, त्या दिवसांत तुम्ही इथे कसे हो राहिलात? आणि सुनंदा कौतुकानं सांगायची, "हे तर एकदा कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी खरडला निघाले होते. नाक्यावरून परत पाठवलं, म्हणून!" मी मोदकांचं ताट पुढे करायचो. हे किती वर्षं चाललं. गेल्या वर्षी, असाच वारा सुटला असताना, मी तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "भ्यालात, ते मी समजू शकते. पण इतकी वर्षं चारचौघांत मला बोलू का दिलंत?" त्यानंतरच्या गणपतीत कुणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "राहिलो, झालं," आणि आत निघून गेली.

मास्टरजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलगा नांदेडलाच स्थायिक झाला. त्यांच्या शेतावर उंच इमारती आहेत, कॉलेजची मुलं भाड्यानं राहतात, आणि खरडपर्यंतचा तो रिकामा रस्ता आता रिकामा म्हणून कधी दिसत नाही. तिथलं कुणी दुखावलं जाईल असं उरलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे. आजवर लिहिलं नाही, कारण मला एकदा अडवलं गेलं होतं. नाक्यावर नव्हे.

बलदेवनं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी खरडला गेलो. नाक्यावर माझ्याकडे कुणी नीट पाहिलंही नाही. अर्ध्या तासात पोचलो. एवढंच अंतर होतं ते. मास्टरजी अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. मला बघून धडपडत उठले. मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाका उघडा होता. जवानानं जा म्हटलं होतं. मीच परत फिरलो. पोस्टकार्ड खोटं होतं. तुम्ही महिनाभर वाट पाहिलीत त्यातला पहिला गुरुवार माझ्या हातात होता, आणि डब्बू वाचला असता.

मास्टरजींनी पगडीवरून हात फिरवला. कडुलिंबाच्या पलीकडे मोकळी साखळी खुंटाला तशीच होती. ते तिच्याकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही. तुम्हालाच."

"मग आता सांगू नका."

"मास्टरजी, मी..."

"ऐका," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तो वर्गातला आवाज होता. "इथली पोरं म्हणतात, शहरवाल्यांच्या लेखी आपण सगळे एकच, मेलो काय, जगलो काय. मी त्यांना सांगतो, एक जण निघाला होता. चार पोरं तरी ऐकतात माझं. आता मी त्यांच्याकडे जाऊन काय म्हणू, तोही निघाला नव्हता?" ते थांबले. "तुमचं ओझं उतरायला तुम्ही आलात. ते मी ऐकून घेतलं. पण ते उतरवून माझ्या गावावर ठेवू नका. तुमचं तुम्ही न्या."

मी काही बोलणार तोच बीजी, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात पितळेचा मोठा ग्लास, त्यात शक्कर घातलेलं सातूचं पाणी. पदरानं ग्लास पुसत त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मास्टरजींना विचारलं, "हेच का ते? आपल्या डब्बूसाठी निघाले होते ते?"

मास्टरजींनी बाजेवरची चादर सारखी केली, मला बसायला जागा केली.

"हो," म्हणाले. "हेच."

बीजींनी ग्लास पुढे केला. मी बसलो, दोन्ही हातांनी तो घेतला, आणि त्या समोर उभ्या होत्या तोवर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.